१९२२ चा वॉशिंग्टन नौदल करार फुकट गेला, असं म्हणता येईल का?

'एवढ्या युद्धनौका भंगारात काढल्या, तरी वीस वर्षांत पॅसिफिकमध्ये युद्ध पेटलंच, मग कराराचा उपयोग काय?' हा तुमचा प्रश्न. माझ्या मते करार फुकट गेला नाही. बड्या नौदलांच्या जहाजांवर मर्यादा घालणाऱ्या या करारानं ज्याला मोजून बंधन घातलं ते थांबलं, जे मोकळं सोडलं तिकडे सगळ्यांचा पैसा वळला.

१२ नोव्हेंबर १९२१ ला वॉशिंग्टनमध्ये ज्या परिषदेतून हा करार निघाला ती सुरू झाली. पहिल्या दिवशी लोकांना औपचारिक भाषणांची अपेक्षा होती. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनी थेट आपल्या ३० जहाजांवर काट मारायची तयारी दाखवली आणि ब्रिटन-जपाननं कोणती मोडावीत, तेही सांगून टाकलं. माझ्या वाचनात एवढा धाडसी प्रस्ताव दुसरा नाही. (हिंदुस्थानच्या वतीनं करारावर सही श्रीनिवास शास्त्रींची आहे. गोखल्यांनंतर पुण्याच्या भारत सेवक समाजाची धुरा सांभाळणारे तेच.)

अमेरिका, ब्रिटन, जपान यांच्या बड्या युद्धनौकांच्या एकूण वजनाचं प्रमाण ५:५:३ ठरलं. बॅटलशिप (जाड चिलखताची, मोठ्या तोफांची युद्धनौका) ३५,००० टनांपर्यंत, तोफ १६ इंचांपर्यंत, आणि साधारण दहा वर्षं नवं बांधकाम बंद. जपानला अमेरिकेच्या १० ला ७ हवं होतं. पण टोकियोच्या सांकेतिक तारा अमेरिकन वाचत होते, त्यामुळे जपान शेवटी ६ वर येईल हे त्यांना आधीच कळलं होतं. बदल्यात पॅसिफिकमधल्या तळांची नवी तटबंदी न करण्याचं कलम जपाननं पदरात पाडून घेतलं. शिवाय नुकतीच पुरी झालेली 'मुत्सु' ही बॅटलशिप त्यांनी हट्टानं वाचवली.

खरी गोष्ट पुढे आहे. अर्धवट बांधलेल्या काही जहाजांना विमानवाहू नौका करण्याची मुभा करारानं दिली. अमेरिकेच्या 'लेक्सिंग्टन' आणि 'साराटोगा' अशाच बॅटलक्रूझरमधून (बॅटलशिपसारख्या तोफा, पण हलकं चिलखत आणि जास्त वेग असलेल्या जहाजांमधून) झाल्या. जपाननं 'आकागी' आणि 'आमागी' निवडल्या होत्या. १९२३ च्या भूकंपात 'आमागी'चा सांगाडा निकामी झाला, म्हणून मोडीत निघणारी 'कागा' तिच्या जागी आली. पर्ल हार्बरवर विमानं सोडणाऱ्या ताफ्यात 'आकागी' आणि 'कागा' दोघी होत्या. कराराशिवाय त्या बहुधा तोफांची जहाजं म्हणूनच समुद्रात उतरल्या असत्या.

दुसरी मोकळी जागा क्रूझरची, म्हणजे बॅटलशिपपेक्षा लहान, वेगवान युद्धनौकांची. एकेका क्रूझरला १०,००० टन आणि ८ इंची तोफेची मर्यादा होती, संख्येला काहीच नव्हती. मग प्रत्येकानं नेमकं १०,००० टनांचं क्रूझर बांधायला घेतलं, आणि स्पर्धा तिथे सुरू झाली. १९३० च्या लंडन करारानं ही फट बुजवायचा प्रयत्न केला, पण जपानी नौदलात त्यावरून मोठा असंतोष उसळला. डिसेंबर १९३४ मध्ये जपाननं वॉशिंग्टन करार सोडत असल्याची नोटीस दिली आणि १९३६ अखेर बंधनं संपली.

युद्धाचं मूळ मात्र चीनमधल्या जपानी आक्रमणात आणि १९४१ मध्ये अमेरिकेनं जपानवर लादलेल्या तेलबंदीत होतं. जहाजांचं वजन मोजणारा कागद ते थांबवू शकत नव्हता. बंधन सुटताच जपाननं १९३७ मध्ये कुरे गोदीत 'यामातो' या बॅटलशिपचं काम सुरू केलं: ४६ सेंटिमीटरच्या तोफा, त्याआधी कोणत्याच जहाजावर नव्हत्या एवढ्या मोठ्या. ७ एप्रिल १९४५ ला ती बुडाली, अमेरिकन विमानवाहू नौकांवरून उडालेल्या विमानांच्या माऱ्यानं.