नमुना कसा निवडला, ते आधी सांग

प्रिय,

ठाणे जिल्ह्यातल्या बायकांच्या अ‍ॅनिमियाचं तुझं कोष्टक पुन्हा वाचलं. पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही असा निकाल निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता) ०.०३ आली, तरी परीक्षक फरक खरा मानायला तयार नाहीत, म्हणून तू गोंधळात आहेस. परीक्षकांचं बरोबर आहे.

नमुना कसा निवडला गेला? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आधी गावं किंवा शहरी ब्लॉक निवडतात, मग प्रत्येकातून साधारण २२ घरं. एका पाड्यावरच्या, एका चाळीतल्या बायकांचं पाणी एक, रेशन दुकान एक. बाविसावी बाई पहिलीइतकी नवी माहिती देत नाही. क्लस्टरमधला, म्हणजे एकाच गावातल्या किंवा ब्लॉकमधल्या बायकांमधला, सहसंबंध ०.०५ धर, पहिली सोडून उरल्या २१ जणी: १ + (२१ × ०.०५) = २.०५. हा डिझाइन इफेक्ट, म्हणजे अशा गटवार निवडीमुळे नमुन्याची किंमत किती पटीने घटते ते. तुझ्या ८८० जणी मग साध्या यादृच्छिक नमुन्यातल्या ४३० जणींएवढ्याच. ५० टक्क्यांभोवतीची त्रुटीची मर्यादा ±३.३ ची ±४.७ होते, त्याच प्रमाणात ताणली तर तुझी ०.०३ थेट ०.१३ च्या आसपास जाते.

सर्वेक्षणाच्या फाईलमधल्या व्ही००५ ला, म्हणजे भारांकाला (प्रत्येक बाईला मोजणीत किती वजन द्यायचं तो आकडा), दहा लाखांनी भागलंस, ठीक. भारांकाने टक्केवारी सुधारते, स्टँडर्ड एरर (अंदाज किती हलू शकतो त्याचं माप) नाही. त्यासाठी पीएसयू, म्हणजे आधी निवडलेलं गाव किंवा ब्लॉक (व्ही०२१), आणि स्तर, म्हणजे निवडीआधी पाडलेले गट (व्ही०२३), सॉफ्टवेअरला सांगावेच लागतात. कौटुंबिक हिंसेच्या प्रश्नांना तर भारांकही वेगळा, डी००५, कारण तिथे घरातल्या एकाच बाईला विचारतात. म्हणजे पुन्हा तेच: नमुना कसा निवडला?

आणि १५ ते १९ वयोगट हवा म्हणून बाकीच्या ओळी पुसल्यास! अशाने काही पीएसयूच गायब होतात, एखाद्या स्तरात एकच उरतो आणि स्टँडर्ड एरर निघत नाही, निघालाच तर चुकीचा. फाईल अख्खी ठेव, सबपॉप (ओळी न पुसता एकाच गटाचं उत्तर काढणारा पर्याय) वापर.

मला हट्टी म्हणतात. म्हणोत. माझी सही असलेले, पण डिझाइन इफेक्ट न धरलेले अहवाल मला आजही टोचतात. त्यातले आकडे आता परत घेता येत नाहीत. तुझे अजून तुझ्या हातात आहेत.

शेवटचं कोष्टक सगळ्यात धोक्याचं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, पण सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीतलं (२०१५-१६) ‘ठाणे’ २०११ च्या जनगणनेच्या सीमांचं आहे, आता पालघरमध्ये असलेल्या जव्हार-मोखाड्यासकट. पाचव्या फेरीतलं (२०१९-२१) तसं नाही. तू दाखवलेला बदल दोन वेगळ्या ठाण्यांमधला आहे. पाचव्या फेरीतले ठाणे आणि पालघर भारांकांसह एकत्र कर, मग तुलना कर. ते कोष्टक आधी पाठव, प्रकरण नंतर लिही.