मंदी संपली म्हणतात, मग मला जॉब का मिळत नाहीये?

"मॅडम, टीव्हीवर रोज सांगतायत इकॉनॉमी सावरली, मग माझ्यातच काहीतरी कमी असणार ना?" कोविडनंतर हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की शेवटी लिहायलाच घेतलं.

एक गृहस्थ, ओळख बदललीये. चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत प्रॉडक्शन सुपरवायझर, २०२० च्या कपातीत जॉब गेला. २०२१ च्या जानेवारीत सेन्सेक्स ५० हजारांवर गेला तेव्हा मेव्हणे म्हणाले, आता कसली मंदी, आणि त्यानंतर यांनी अर्ज करणंच सोडलं. माझ्याकडे आले की वय, इंग्लिश, नुसता डिप्लोमा, हेच. मी समजूत घालत बसले नाही, त्यांच्या कामाबद्दल विचारलं.

"ऑर्डर वाढल्या की तुम्ही आधी काय करायचात?"

"ओव्हरटाइम लावायचो."

"तरी भागलं नाही तर?"

"कॉन्ट्रॅक्टची पोरं. परमनंट माणूस एवढ्यात कोण घेतंय, ऑर्डर टिकतील कशावरून?" बोलता बोलता थांबले, माझ्याकडे बघत राहिले. "मग माझा नंबर यायला अजून वेळच आहे की हो!"

या एका वाक्यासाठी मी थांबले होते. जॉब नाही ही झाली परिस्थिती, 'मी बिनकामाचा' हा त्यावर आपण काढलेला निष्कर्ष, आणि माझ्या अनुभवात माणूस खचतो तो निष्कर्षाने. तो खोडायला लागणारी माहिती त्यांच्याकडेच होती, मी फक्त योग्य जागी प्रश्न विचारला.

अमेरिकेतली मोठी मंदी २००९ च्या जूनमध्ये अधिकृतपणे संपली, पण बेरोजगारी १० टक्क्यांवर पोचली ती त्यानंतर ऑक्टोबरमध्ये, आणि गेलेल्या नोकऱ्यांची भरपाई व्हायला २०१४ उजाडलं. काही जागा तर परत येतच नाहीत कारण मालक तेवढंच काम कमी माणसांत काढायला शिकलेला असतो, हेही मी स्पष्ट सांगते, खोटी आशा देत नाही. शिवाय हवा सुधारली की नाद सोडलेले लोक पुन्हा शोधायला लागतात, मग एकेका जागेला गर्दी अजूनच वाढते.

म्हणून बातम्यांवरून स्वतःची किंमत ठरवू नका. जुन्या सहकाऱ्यांना फोन करून 'जागा आहे का' च्या आधी 'ओव्हरटाइम सुरू झाला का' विचारा, भरती उघडायच्या आधीची खूण तीच असते. कॉन्ट्रॅक्टचं काम मिळालं तर कमीपणा मानू नका, पण पगार किती, पीएफ कापतात का हे विचारूनच हो म्हणा. इंटरव्ह्यूत गॅपबद्दल विचारलं तर कपातीत गेलो असं सरळ सांगा. आणि घरच्यांनो, रोज संध्याकाळी 'काही झालं का?' विचारू नका प्लीज, झालं तर ते स्वतःच सांगतील.