अंगठ्याखालचा काटा

प्रिय दोस्ता,

तुझ्या गेमचा डेमो मिळाला. वादळातून ट्रॉलर बंदराला लावायची कल्पना झकास आहे, लाटा तर फारच छान जमल्यात. पण तू विचारलंयस की यूआय, म्हणजे पडद्यावरची बटणं, काटे, मेनू, शेवटच्या आठवड्यात उरकला तर चालेल का. त्याचं उत्तर माझ्या भाच्याने दिलं.

फोन त्याच्या हातात दिला आणि मी गप्प बसलो. तीनदा त्याचं डिझेल भर समुद्रात संपलं. तिसऱ्यांदा फोन गादीवर टाकून म्हणाला, "मामा, फालतू गेम आहे." डिझेलचा काटा तू खाली डाव्या कोपऱ्यात ठेवलायस आणि सुकाणूही तिथेच. होडी हाकतोय तोवर काटा अंगठ्याखाली! तू कॉम्प्युटरवर माऊसने खेळून बघितलं असणार. माऊसला अंगठा नसतो.

बघ, चिडलेला माणूस यूआयला नाही, गेमला नावं ठेवतो. 'झेल्डा' मालिकेतल्या १९९८च्या 'ऑकारिना ऑफ टाइम'मधलं पाण्याचं मंदिर वर्षानुवर्षं बदनाम होतं. लोखंडी बूट घातले की नायक लिंक तळाला, काढले की वर. आणि दर वेळी गेम थांबवायचा, मेनूत शिरायचं, बूट निवडायचे, परत यायचं. २०११मध्ये हाच गेम निन्टेन्डोच्या थ्रीडीएस या हातातल्या कन्सोलवर आला तेव्हा बूट इतर हत्यारांसारखे एका बटणावर आले. वाटेच्या काही खुणाही वाढवल्या, पण मंदिर जवळपास तेच. त्रास बराचसा मेनूचा होता.

काटा दुसऱ्या कोपऱ्यात हलवून मोकळा होऊ नकोस. २००८च्या 'डेड स्पेस'मध्ये नायकाचा जीव किती उरलाय ते त्याच्या पोशाखाच्या पाठीवरल्या उजळ पट्टीवर दिसतं आणि गोळ्यांचा आकडा बंदुकीपाशीच. त्याची नक्कल नको, तिथे नायकाची पाठ सतत समोर असते म्हणून ते जमतं. तुझ्याकडे इंजिनाचा आवाज आहे. डिझेल संपत आलं की इंजिन आचके देऊ दे. काटा राहू दे, पण कानालाही कळू दे. (आवाज बंद ठेवून खेळणारे निम्मे निघतील, म्हणून फोन थरथरवही.)

इशारा नुसत्या लाल रंगावर सोडू नकोस. माझ्या एका सहकाऱ्याला लाल आणि हिरवा सारखेच दिसतात, त्याला तुझी सूचना दिसलीच नाही. हॉर्नचं बटणही मोठं कर: अँड्रॉइडची शिफारस ४८ डीपीची (डीपी हे अँड्रॉइडचं पडद्यावरचं माप) आहे, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर.

आणि मराठी! 'डिझेल'ची वेलांटी ड सोडून झच्या डोक्यावर बसलीय. साठवताना आधी व्यंजन, मग वेलांटी असा क्रम असतो. दाखवताना ती पुढे आणायचं काम गेम इंजिनाने (ज्या सॉफ्टवेअरवर तू गेम बांधतोस त्याने) करायचं, ते तुझं इंजिन करत नाही. गोडो ४ हे गेम इंजिन करतं. इंजिन बदलायचं नसेल तर निदान ठरावीक शब्दांची चित्रं करून टाक. आणि ओळींमध्ये जागा सोड. 'सुकाणू'चे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत अडकलेत.

गेमचा नवा बिल्ड (सुधारलेली आवृत्ती) सोमवारनंतर पाठव. भाच्याची सहामाही तेव्हा संपतेय.

तुझा,
दादा