ताई-भावाचं पॉडकास्ट

प्रश्न : मी आणि धाकटा भाऊ करी रोडला चाळीत राहतो. भाजीचे भाव, लोकलमधली भांडणं, आईच्या सूचना अशा गप्पांचं पॉडकास्ट करतो. आवाज घुमतो, आणि आम्ही एकमेकांचं बोलणं तोडतो. काय करावं?

उत्तर : ताई, महागडा माइक आत्ता घेऊच नका. आवाज घुमतो तो उघड्या भिंतींमुळे. मागे गोधड्या टांगा, कपड्यांचं कपाट सताड उघडं ठेवा, पंखा बंद करा. दोघांनी आपापल्या फोनवर रेकॉर्ड करा. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला धरा, म्हणजे ‘प’, ‘फ’ फुटत नाहीत. सुरुवातीला एक टाळी वाजवा. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही फायली त्या टाळीवर जुळवता येतात. गाडी धडधडत गेली तर थांबा आणि तेच वाक्य पुन्हा बोला.

बोलणं तोडता म्हणता, ते मला तरी आवडेल! भावंडांच्या गप्पा अशाच असतात. फक्त ‘तो गणपतीतला किस्सा’ म्हणून दोघंच हसू नका, किस्सा पूर्ण सांगा. आणि आईचं बोलणं घालणार असाल, तर भाग टाकण्याआधी त्यांना ऐकवा. त्या नको म्हणाल्या, तर तेवढं कापा.