सादळलेले कोअर

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीत मी क्वालिटीला आहे. दर पावसाळ्यात कास्टिंगला (ओतीव भागांना) ब्लोहोल, म्हणजे आत अडकलेल्या वायूची भोकं, येतात. आम्ही ‘फाइव्ह व्हाय’चा, म्हणजे पाचदा ‘का?’ विचारून मूळ कारण शोधायचा, फॉर्म भरतो. पाचव्या रकान्यात ‘मोल्डरचं दुर्लक्ष’ येतं, त्या मोल्डरला (वाळूचे साचे करणाऱ्याला) मेमो जातो आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच. कुठं चुकतंय?

उत्तर : फॉर्म कुठं बसून भरता, ते आधी सांगा. केबिनमध्ये पाच रकाने दहा मिनिटांत भरतात. मीही भरलेत, म्हणून माहीत आहे.

टोयोटाच्या ताइइची ओनोंचं उदाहरण तुम्हाला ट्रेनिंगमध्ये दाखवलं असेलच. मशीन थांबलं, कारण फ्यूज उडाला. लोड वाढला होता, कारण बेअरिंगला तेल पुरत नव्हतं. पंप तेल ओढत नव्हता, कारण त्याचा शाफ्ट झिजला होता. आणि शाफ्ट झिजला, कारण गाळणी नसल्यानं आत धातूचा चुरा जात होता. यात कुणा माणसाचं नाव येत नाही बघा. गाळणी बसवता येते. ‘दुर्लक्ष’ कुठं बसवणार?

आमच्याकडेही पावसाळ्यात मेमोंचाच पाऊस. साच्याच्या वाळूतला ओलावा रोज तपासायचो, तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ठीक. शेवटी कंटाळून मी वही घेतली आणि खराब नग शिफ्टवार लिहीत गेलो. महिन्याभरात दिसलं, निम्म्याहून जास्त माल साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या शिफ्टचा. मोल्डर तेच, वाळू तीच.

मग कोअर शॉपला गेलो. कोअर म्हणजे कास्टिंगमध्ये पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा. तिथल्या एका मावशींनी रॅकवरचा कोअर अंगठ्यानं दाबून दाखवला. “साहेब, सादळलाय हा. पापडासारखा.” आमच्या कोअरची वाळू सोडियम सिलिकेटनं बांधलेली. दमट हवेत दोन दिवस पडले की ओल धरतात, आणि ओतलेल्या लोखंडात त्या ओलीचा वायू होतो. मावशींना हे ठाऊक होतं. पण त्या कंत्राटातल्या, मीटिंगला त्यांना कोण बोलावणार?

पण सुट्टीआधी एवढे कोअर करायचेच का? कारण मजुरी नगावर, आणि मोल्डिंगचा प्लॅन कोअर शॉपपर्यंत पोचतच नव्हता. पुढं प्लॅनची एक प्रत तिकडं जाऊ लागली. नगावरची मजुरी मात्र मालकांनी बदलली नाही, ते मला जमलं नाही. सुट्टीनंतरचा ढीग गेला, ब्लोहोल पूर्ण थांबले नाहीत. उरलेल्यांत ओल्या लॅडलचा (लोखंड ओतायच्या भांड्याचा) प्रकार निघाला, ती वेगळीच कथा.

तुमचं कारण हेच असेल असं नाही. रॅकवर खडूनं तारीख घाला, खराब नग शिफ्टवार लिहा, महिनाभर तरी. आणि मोल्डरचे मेमो आधी फाइलमधून काढून घ्या. इन्क्रिमेंटच्या वेळी ते बरोबर वर येतात.