डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, काल्पनिक जगातली पात्रं होऊन खेळायच्या खेळांत आधी जग लिहितात आणि मग चित्रं काढतात, की उलट?

बहुतेक वेळा आधी मजकूर. चित्रकाराला वर्णन पाठवतात, तो त्याबरहुकूम रंगवतो. पण याला एक ठसठशीत अपवाद आहे: डंजन्स अँड ड्रॅगन्स तेव्हा काढणाऱ्या टीएसआर कंपनीने १९९१ मध्ये त्या खेळासाठी आणलेलं 'डार्क सन' हे जग.

टिमथी ब्राउन आणि ट्रॉय डेनिंग हे जग रचत होते, तेव्हा चित्रकार ब्रॉमही सुरुवातीपासून त्यात होता. मजकूर तयार होण्याआधीच त्याची काही चित्रं झालेली असत आणि लेखक त्यांतल्या गोष्टी उचलून जगात बसवत. हे जग, म्हणजे अ‍ॅथास, पार करपलेलं आहे. धातू दुर्मीळ, म्हणून हत्यारं हाडाची, दगडाची, ऑब्सिडियनची (ज्वालामुखीतून बनलेल्या काचेची). नाणीसुद्धा भाजलेल्या मातीची! बेफिकीरपणे जादू केली की आजूबाजूची झाडंझुडपं मरून जमिनीची राख होते. चकचकीत चिलखतातला सरदार इथे शोभणारच नाही, आणि ब्रॉमची राकट, उन्हाने रापलेली माणसं पाहिली की हे नियमपुस्तक न उघडताही कळतं.

१९९४ च्या 'प्लेनस्केप' या याच खेळाच्या दुसऱ्या जगाची ओळखही अशीच टोनी डीटर्लिझीच्या नाजूक रेषांशी जोडलेली आहे. मला स्वतःला ब्रॉम जास्त आवडतो, पण ती आवड झाली.

स्वतःचं जग रचत असाल तर तीन-चार चित्रं आधी गोळा करा आणि खेळाडूंसमोर ठेवा. लांबलचक इतिहास तसाही कुणी वाचत नाही.