पाटीवरच्या पेन्सिलीचे तुकडे

"मॅडम, पोरगी फार आळशी झालीय, पुस्तक उघडलं की डोळे मिटतात," ही तक्रार आईच्या तोंडून मी दर वर्षी इतक्यांदा ऐकते, की अभ्यासाविषयी बोलण्याआधी मुलीचे हिमोग्लोबिन तपासायला सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला होता.

दहावीतल्या या मुलीचे हिमोग्लोबिन ८.६ निघाले, ते किमान १२ हवे. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती गुपचूप फेकून देत असे. तीन भेटींत मी आहार समजावला, तिने मान डोलावली आणि काहीही बदलले नाही.

चौथ्या भेटीत पेन काढताना तिची कंपासपेटी उघडली आणि आत पाटीवरच्या पेन्सिलीचे कुरतडलेले तुकडे दिसले. माती, खडू, पेन्सिल खावीशी वाटणे हे बरेचदा लोह कमी पडल्याचे लक्षण असते, हे सांगताच तिला रडू फुटले. इतके दिवस ती स्वतःला घाणेरडी समजत होती.

"आजी म्हणते, गोळी उष्ण पडते. बाजरी, तीळ, अळीवही उष्ण. मला आधीच आठ-आठ दिवस जातं. एकदा वर्गात डाग पडला होता, मॅडम."

रक्तस्राव कमी व्हावा म्हणून ती नेमके लोह देणारे पदार्थच ताटातून काढत होती. आम्ही जिला हट्टीपणा म्हणत होतो, ती तिने स्वतःपुरती शोधलेली वाट होती. नकारामागचे कारण ऐकल्याशिवाय दिलेला सल्ला रुजत नाही, हे माझे जुने मत त्या दुपारी अधिक पक्के झाले.

गोळीने पाळीतला रक्तस्राव वाढत नाही, गेलेले लोह भरून निघते, हे तिला सांगितले. पाळी सात दिवसांहून अधिक चालत असल्याने स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले, कारण तिथे केवळ आहार पुरत नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी, शौचास काळे झाले तरी घाबरू नये, मटकीच्या उसळीवर लिंबू पिळावे आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा टाळावा, एवढेच ठरवले. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही शरीरातला साठा भरेपर्यंत गोळ्या आणखी काही महिने चालू ठेवायच्या असतात.

मग मी आईकडे वळले. "ताई, तुमचं हिमोग्लोबिन किती आहे?"

"माझं कोण तपासणार?" सगळ्यांनंतर जेवणाऱ्या त्या बाई म्हणाल्या.

तीन महिन्यांनी मुलगी ११.४ चा अहवाल घेऊन आली. त्याखाली आईचाही अहवाल होता, ९.१ चा; आणि रात्रीची गोळी आता दोघी एकत्र घेतात, असे तिने सांगितले.